फिनेलवहिनींचा रिपोर्ट

सत्त्याण्णव साली धाकट्या जावेचा डावा डोळा सुजला आणि तिला एका सुईच्या दोन सुया दिसू लागल्या. शिवणकामावर पोट असलेली बाई, हबकलीच. दोन महिने थेंब घालण्यात गेले. शेवटी एमआरआय काढला. त्या नळकांड्यात, ठोक्यांच्या गदारोळात, ती नजर एका जागी रोखून पडून राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत वाटाण्याएवढी पिशवी होती, आत पांढरा ठिपका.

"पोटातल्या लांब जंताची अळी आहे. क्वचित डोळ्यात जाते. गोळ्यांनी जाईल. पण त्या जंताची अंडी कुणाच्या तरी हातून जेवणात आली असणार. ज्याच्या पोटात जंत असतो, त्याला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करा."

मोठी जाऊ शेजारीच बसली होती. तिला सगळे फिनेलवहिनी म्हणत. आमच्या घरी नळालासुद्धा आंघोळ घालतात, अशी दिराची, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची, थट्टा. वहिनींनी तपासणीची वाट पाहिली नाही. घरी येताच स्वयंपाकीणबाईंना दारातच अडवलं.

"उद्यापासून येऊ नका."

"काय चुकलं वहिनी?"

"हात बघा आपले."

नऊ वर्षं त्या घराला जेवू घातलेल्या बाईंनी खरंच हात उलटेपालटे करून पाहिले.

आठवड्याने रिपोर्ट आले. घरातले सगळे सुटले, फिनेलवहिनी सापडल्या. दुसऱ्याच्या हातचं कच्चं नको म्हणून काकडी-टोमॅटो त्या स्वतः चिरत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. "गोळ्या घे आणि गप्प बस."

चार दिवस त्या गप्प बसल्या. पाचव्या दिवशी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही होतात म्हणून ती बाई वेळेवर गेली."

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ती नव्हती गं," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "मी होते."

स्वयंपाकीणबाईंना आता एका वसतिगृहात काम मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी वहिनी तिथल्या स्वयंपाकघरात गेल्या. बाई पातेलं घासत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"मी स्वतःच्या खर्चाने तपासून घेतलं होतं, वहिनी. कागद घेऊन तुमच्या दाराशी आले. तुम्ही खिडकीतून पाहिलंत आणि पडदा ओढलात."

ते खरं होतं.

"परत येता?"

"नको. इथे माझ्या हातांकडे कुणी बघत नाही."

धाकटीचा डोळा चार महिन्यांत सुधारला. ती अजून शिवते, पण चूल तिने त्याच वर्षी वेगळी केली. दीर तिच्यामागे गेला, थट्टा मात्र बंद झाली. बाई वसतिगृहातूनच म्हातारपणी लेकीकडे राहायला गेल्या. फिनेलवहिनी जाऊन चार वर्षं झाली. पोटात जंत नसल्याचे तीन रिपोर्ट त्यांच्या कपाटात निघाले, तरी पंगतीला वाढायला त्या पुन्हा कधी उठल्या नाहीत.