गिऱ्हाइकाची जागा

योगेंद्रने कौशल्याबाईंचा अंगठा तळहातात दुमडला, चारही बोटं जुळवली आणि हिरवी बांगडी पेरांपर्यंत आणून थांबला.

"हात ढिला सोडा, बाई. कापूस कसा काय हाये यंदा?"

"काय सांगू बाप्पा, वेचाले बायाच नाई भेटून राह्यल्या..."

कौशल्याबाई मजुरांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर गेली. त्यांना कळलंसुद्धा नाही. हीच तर योगेंद्रची हातोटी. सेलूच्या बाजारात बांगड्यांची दुकानं काय कमी होती? पण लग्नघरच्या बाया याच दुकानाची पायरी चढायच्या. बाईला बोलण्यात गुंतवायचं, तिच्या तोंडाकडे पाहायचं नाही आणि हात असा धरायचा की धरल्यासारखा वाटू नये, एवढं त्याच्या वडिलांनी त्याला शिकवून ठेवलं होतं.

त्याची बायको मंजुषा गल्ल्यापाशी बसून सगळं पाहत होती. मांडीवर मोबाइल होता आणि मोबाइलवर अर्धंच वाक्य होतं: 'समरने तिचं मनगट धरलं आणि'. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे पाहायची आणि टाइप करायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईला मोबाइलचा भारी नाद.

चार वर्षांपासून ती एका ॲपवर 'मधुरा सावंत' या नावाने प्रणयकथा लिहीत होती. सोज्वळ नव्हेत, सुरुवातीला 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहून येतं, तशा. सावंत आडनाव अशासाठी, की तिच्या नायकांना समुद्र लागतो, आणि समुद्राकाठचं आडनाव असलं की वाचकांनाही भरवसा वाटतो. मंजुषाने स्वतः समुद्र एकदाच पाहिला होता, तोही चपला हातात धरून. तिचा समर गोव्यात हॉटेल चालवतो, सहा फूट उंच आहे, फ्रेंच बोलतो. योगेंद्रच्या नशिबी यातलं काही नाही. पण समरचे हात योगेंद्रचे होते. अकरा हजार बाया त्या हातांवर जीव टाकून होत्या, आणि ते हात सेलूच्या बाजारात बांगड्या भरतात हे त्यांच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

खरी गोष्ट ही, की मधुरा सावंतलाही ते हात ठाऊक नव्हते. आणि इथंच तिचं घोडं अडलं होतं.

मागच्या मंगळवारी प्रेरणा नावाच्या कुणा वाचक बाईने सेहेचाळिसाव्या भागाखाली लिहिलं होतं, 'ताई, समर काय करतो ते सगळं कळतं. पण तिला कसं वाटतं, ते तुम्ही लिहीतच नाही. तिचा हात तुम्ही लांबूनच पाहता.' कुणीतरी कानाखाली द्यावी तसं मंजुषाला झालं. शिव्या पचवायची तिला सवय होती. हे मात्र खरं होतं, म्हणून पचेना. सत्तेचाळिसावा भाग तेव्हापासून त्या अर्ध्या वाक्यावर अडून बसला होता.

बावीस वर्षांचा संसार होता, नागपुरात शिकणारी मुलगी होती, तेव्हा नवऱ्याचा हात तिला लागलाच नव्हता असं कसं म्हणावं? पण पलीकडच्या खोलीत सासू खोकत असताना अंधारात जो हात यायचा, तो घाईत असायचा. दिवसाउजेडी येणारा, निवांत, एकेक पेर समजून घेणारा हात गिऱ्हाइकांच्या वाट्याचा. लग्नाचा चुडा तर माहेरी, गिरडलाच भरून झाला होता. सासरी पहिल्याच संक्रांतीला ती दुकानातल्या स्टुलावर बसायला गेली, तेव्हा सासूने बजावलं होतं, "घरच्या बाईनं गिऱ्हाइकाच्या जागी बसू नाई. पाहनाऱ्याले बरं दिसत नाई." तेव्हापासून मंजुषा मोरीत हाताला साबण लावून आपल्या बांगड्या आपणच चढवत आली. सासूला जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती स्टुलावर बसली नाही. बसावंसं फार वाटायचं. एखादी नवी नवरी हात पुढे करताना लाजली, की मंजुषाला तिचा हेवा वाटायचा, आणि दुसऱ्या दिवशी वाचकांना एक जोरदार भाग मिळायचा.

कौशल्याबाई पिशवी सांभाळत गेल्या. दुपार कलायला आली होती, रस्त्यावर सामसूम होती. योगेंद्र फडक्याने डबे पुसायला लागला. मंजुषाने वाक्य पुढे ढकलून पाहिलं: 'समरने तिचं मनगट धरलं आणि तिला वाटलं'. काय वाटलं? तिने ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मग मोबाइल बाजूला ठेवला, उठली, काउंटरला वळसा घातला आणि स्टुलावर जाऊन बसली.

योगेंद्रने वळून पाहिलं.

"काऊन? चहा सांगू का?"

"बांगड्या भराच्या हाये."

"कोनाले?"

"मले."

तो फडकं हातात धरून उभाच राहिला. मंजुषाचे कान तापले. आता हा 'घरी जाऊन घाल ना' असं म्हणाला, तर आपण हसून उठू, पोळ्यांची तयारी करायला घरी जाऊ आणि पुन्हा कधीही इथं बसणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लिहिणंही मग तिथंच संपलं असतं. तिने हात पुढे केला.

योगेंद्रने फडकं ठेवलं, हात पुसले आणि तिच्यासमोर बसला. नजर खाली होती.

"कोन्या गावच्या?"

मंजुषाला क्षणभर उमगेना. मग ती म्हणाली, "गिरडच्या."

"लंबून आल्या मंग."

"हो. याले बहुत वर्सं लागले."

त्याने फळीकडे हात नेला. दोन-सहाचा, तिच्या मापाचा डबा जवळच होता. दर संक्रांतीला तो न विचारता त्याच डब्यातल्या डझनभर बांगड्या तिच्यासाठी बाजूला काढायचा. रस्त्याने चाललेल्या बाईचं माप ती पायरी चढायच्या आत सांगणारा माणूस. त्याचा हात आज त्या डब्यावरून पुढे गेला आणि त्याने एका मापाने लहान, दोन-चारचा डबा उघडला.

"त्या होत नाई मले."

"होते."

त्याने तिचा अंगठा तळहातात दुमडला. एकेक पेर दाबत गेला. त्याच्या बोटांना काचेने पडलेले बारीक घट्टे होते. इतकी वर्षं पाहूनही तिला ते कधी दिसले नव्हते. कापसाचं त्याने विचारलं नाही. बांगडी पेरांवर अडली. त्याने ती मागे घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंगठा, तळवा, पेरं. दुखत होतं. दुखतं म्हणून सांगावं असं मात्र तिला वाटेना. तिने मान वर केली, तर तो तिच्या तोंडाकडेच पाहत होता.

पायरीवर चपला वाजल्या. एक बाई लेकीला घेऊन दारात उभी होती. जेवता जेवता हात धुऊन गिऱ्हाइकासाठी उठणारा हा माणूस. मंजुषा सवयीने उठायला गेली, पण हात सुटेना.

"बसा, बाई," योगेंद्र दाराकडे न पाहताच म्हणाला, "इथं वेळ लागन."