समुद्रातल्या बाईची बोटं

सोमवारी सकाळी नऊ वाजता सिमियोनीने छिन्नी खाली ठेवली आणि चित्र छापायचा दगड कोरायला नकार दिला.

चित्र समुद्रातल्या बाईचं होतं. काढलं होतं अतुआतने; वय चोवीस, उत्तरेच्या बर्फातल्या त्यांच्या गावच्या छापखान्यासाठी तिचं हे पहिलंच. शुक्रवारच्या विमानाने दक्षिणेकडची निवड समिती येणार होती. तोवर दगड तयार झाला नाही, तर यंदाच्या संग्रहात अतुआतला जागा नव्हती. छापलेल्या चित्राखाली दोघांची नावं पडतात, काढणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचं. सिमियोनीला आपलं नाव याच्याखाली नको होतं.

"दुकानातल्या शाम्पूच्या बाटलीवरची बाई आहे ही," तो शाई लावणाऱ्या पाउलूसीला म्हणाला. "खाली माशाची शेपटी जोडली की झाली आपली गोष्ट. पापण्या बघ. आणि हातात कंगवा."

"गोऱ्यांना आवडेल."

"गोऱ्यांना ढोल वाजवणारं अस्वलही आवडतं."

कंगव्यानेच त्याचं डोकं फिरलं होतं. जुन्या गोष्टीत या बाईच्या बापानेच होडीच्या काठावर तिची बोटं छाटली; त्या तुकड्यांचे सील झाले, वॉलरस झाले. बोटंच नाहीत, म्हणून तिला केस विंचरता येत नाहीत. गुंता वाढला की जनावरं त्यात अडकतात आणि वर माणसं उपाशी मरतात. मग मांत्रिकाला समुद्राच्या तळाशी जाऊन तिची वेणी घालावी लागते. अतुआतच्या बाईला दहाही बोटं होती, वर लांब नखं.

अतुआत आत आली तसा त्याचा आवाज खाली आला. तिला त्याच्या मेलेल्या आईचं नाव दिलेलं होतं, म्हणजे त्यांच्या रीतीने ती त्याची आई. ती रांगत होती तेव्हापासून तो तिला आईच म्हणत आला होता. आणि आईला नाही म्हणायची सोय नव्हती.

"आई, हिला बोटं कशाला?"

"कंगवा धरायला, लेका."

"मग सील आले कुठून?"

"तुला ही गोष्ट सांगितली कोणी?"

"तू," तो नाइलाजाने म्हणाला.

"मग मीच बदलते."

पाउलूसी शाईच्या डब्यात बघून हसला. सिमियोनीच्या जन्मदात्या आईने ती गोष्ट सांगितली तेव्हा घरात खायला कुत्र्यांच्या पट्ट्यांचं चामडं उकळत होतं. या आईला भूक माहीत होती ती दुकानाच्या सामानाचं विमान उशिरा आल्यावरची.

"नकोच असतील तर छाट," अतुआत दारातून म्हणाली. "तिच्या बापालाही जमलं होतं."

दुपारी त्याने छिन्नी उचलली.

"कोरतोस?" पाउलूसीने विचारलं.

"घाण करायचीच तर स्वच्छ करू."

जे छापायचं ते दगडावर उभं ठेवायचं, बाकीचं खरवडून काढायचं. त्याने एकही पापणी गाळली नाही. शेपटीचे खवले चित्रात होते त्याहून नेटके आले. कंगव्याचे दाते मोजून घ्यावेत असे. रोज संध्याकाळी तो अतुआतला बोलावून काम दाखवी आणि ती मान डोलावी. हातांबद्दल तिने विचारलं नाही.

शुक्रवारी विमान उतरलं. समितीची माणसं शेजारच्या खोलीत चहा पीत होती. दगड ओट्यावर होता. केस, चेहरा, शेपटी, सगळं तयार. मनगटांच्या पुढे मात्र न कोरलेल्या दगडाचे दोन ठोकळे होते. त्यांतून बोटं काढता येत होती, किंवा ते उडवता येत होते. अतुआत दारात उभी होती आणि सिमियोनी छिन्नीला धार लावत होता.