डोक्याला मार लागला होता का?

मी एक काठी. लोक आधाराला काठी घेतात, पण माझ्या वाट्याला आधार देणं कमी आलं आणि मारणं जास्त.

१९५१ साली कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या एका सुतारानं मला भरीव शिसवी लाकडातून घडवलं आणि वर पितळेची मूठ बसवली. मला घेतलं जयसिंगरावांनी. ते शिंपी होते, छावणीतल्या साहेबांचे कोट शिवायचे. त्यांची माणसं तीनशे वर्षांपासून याच मुलखातली, घरात मराठी बोलत आणि तिच्यात कानडी मिसळत. जयसिंगरावांचे पाय धडधाकट होते. हातात काठी असली की माणूस वजनदार दिसतो, एवढ्यासाठीच त्यांनी मला घेतलं.

दुकानात त्यांनी मला कुणावर उगारलं नाही. उगारलं ते घरात.

सार खारट झालं, बायकोच्या, मालनबाईंच्या पाठीवर मी. हाक मारल्यावर यायला उशीर झाला, पोटरीवर मी. मालनबाई ओरडत नसत. शेजारच्या सत्यवतीअम्मांना ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरत. मुलगा नागोजी कोपऱ्यात उभा राहून बघे. अकरा वर्षं त्यानं बघितलं. तोवर तो सव्वीस वर्षांचा झाला आणि सरकारी कारखान्यात फिटर म्हणून लागला.

१९६२च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी जयसिंगरावांनी मला मालनबाईंच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला. नागोजी उठला, मला बापाच्या हातातून हिसकून घेतलं आणि फिरवलं. माझी मूठ जयसिंगरावांच्या उजव्या कानाच्या वर बसली.

ते खाली कोसळले. मिनिटभर हलले नाहीत. मग उठून बसले आणि पाणी मागितलं. रक्त आलं नव्हतं.

"कुणाला सांगायचं नाही," मालनबाई मोडका हात पोटाशी धरून म्हणाल्या. "पोलीस नेतील तुला. सरी? कळलं ना?"

नागोजीनं मान हलवली. जयसिंगरावांना स्वतःलाच काही आठवत नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्यांचं डोकं ठणकू लागलं. एका कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. एकदा दुकानातून निघून घरी येण्याऐवजी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, बसवनगुडीला पोचले आणि तिथल्या देवळाच्या पायरीवर बसून राहिले. नागोजीला ते 'मालोजी' म्हणू लागले. मालोजी म्हणजे त्यांचा भाऊ, तो जाऊन वीस वर्षं झाली होती. कधी दिवसभर झोपून असत, तर कधी एकदम शुद्धीवर आल्यासारखे बोलत.

मारणं मात्र वाढलं. पूर्वी ते रागानं मारायचे, आता भीतीनं मारू लागले. आरशातला माणूस चोर वाटला म्हणून त्यांनी आरसा फोडला. आणि एका सकाळी दारात ताक घेऊन आलेल्या सत्यवतीअम्मांच्या कपाळावर मला हाणलं. चार टाके पडले.

कपाळाला पट्टी बांधून त्या परत आल्या त्या भांडायला नव्हे. "मालन, कुणी याला करणी म्हणेल, कुणी म्हातारचळ म्हणेल. तू ऐकू नकोस," त्या म्हणाल्या. "हे दुखणं आहे. मोठ्या आस्पत्रेत ने."

आणि आम्ही इथं, या मोठ्या इस्पितळात आलो. जयसिंगराव मला सोडायला तयार नव्हते म्हणून मीही आले.

डॉक्टर हयवदन बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी आधी जयसिंगरावांना साधे प्रश्न विचारले. आज वार कोणता, महिना कोणता, आपण कुठल्या गावात आहोत. मग म्हणाले, "तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. चमचा, गाय, देऊळ. थोड्या वेळानं परत विचारीन."

"आता शंभरातून सात वजा करा."

"त्र्याण्णव."

"त्यातून आणखी सात."

जयसिंगराव बोटं मोजू लागले. आयुष्यभर मापं तोंडपाठ ठेवणारा माणूस तो. त्यांचे ओठ हलत होते, आकडा येत नव्हता.

"बरं, ते राहू द्या. मघाचे तीन शब्द कोणते?"

जयसिंगरावांनी मला उगारलं. टेबलावरची काच फुटली. दुसरा घाव डॉक्टरांच्या खांद्यावर बसला. म्हातारा शिपाई गुंडू धावत आला आणि त्यानं मागून त्यांना कवेत आवळलं. डॉक्टरांनी खांदा चोळला आणि म्हणाले, "सोड त्यांना. उत्तर येत नाही तेव्हा माणूस घाबरतो."

मग त्यांनी हातातल्या दिव्यानं डोळ्यांत पाहिलं, रबरी हातोडीनं गुडघे ठोकले, चालवून पाहिलं. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितलं. उजवा हात तिथंच राहिला. डावा हळूहळू खाली आला.

डॉक्टर तो डावा हात बराच वेळ बघत राहिले.

मग गुंडूपाशी जयसिंगरावांना बसवून त्यांनी मायलेकरांना आतल्या खोलीत नेलं. मी नागोजीच्या हातात होते.

"किती दिवस झाले?"

"दोन-अडीच महिने," नागोजी म्हणाला.

"त्याआधी बरे होते? म्हातारपणाचा विसर इतक्या घाईनं येत नाही. डोक्याला मार लागला होता का?"

"नाही."

"कुठं पडले होते?"

"नाही."

नागोजीनं मला पाठीमागं धरलं. डॉक्टरांनी मालनबाईंकडे पाहिलं. त्या आपल्या वाकड्या जुळलेल्या मनगटाकडे बघत होत्या. बरे झाले की हे पुन्हा पहिल्यासारखे होतील, हे त्यांनाही कळत होतं. खरं सांगितलं तर मुलगा जाईल आणि मारणारा नवरा परत येईल. गप्प बसल्या तर काहीच होणार नव्हतं, हा माणूस असाच विझत गेला असता.

"लागला होता," त्या म्हणाल्या. "या काठीनं. उजव्या कानावर."

"कुणी मारलं?"

"मी," नागोजी म्हणाला.

डॉक्टरांनी मालनबाईंचं मनगट पाहिलं, मग कागदावर लिहिलं. "कुणी मारलं ते पुढं बघू. कुठं लागलं ते कळणं आज जास्त गरजेचं होतं. उजवीकडे मार लागला म्हणूनच डावा हात खाली येतोय. डोक्यात रक्त साचून मेंदू दाबला गेला असावा. ते काढता येतं."

रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, आणि तिसऱ्या दिवशी कवटीला दोन लहान भोकं पाडली. आतून काळं, पातळ रक्त आलं.

आठ दिवसांनी जयसिंगरावांनी वार सांगितला, गाव सांगितलं, नागोजीला नावानं हाक मारली. नागोजी पलंगाशी उभा राहून म्हणाला, "अण्णा, तुम्हाला मी मारलं होतं."

"मला आठवत नाही," जयसिंगराव म्हणाले. मग मालनबाईंच्या मनगटाकडे बघून म्हणाले, "हे आठवतं."

एवढंच. माफी त्यांनी मागितली नाही. पोलिसांत तक्रार द्यायची का, हे इस्पितळातल्या एका साहेबानं विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हणून मान हलवली.

घरी जायच्या दिवशी ते व्हरांड्यात थांबले. "मालन, माझी काठी?"

"चालता येतंय की तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि पुढं निघाल्या. तेही मागोमाग गेले.

गुंडू मला घेऊन फाटकापर्यंत धावला. "अक्का, तुमची काठी राहिली."

मालनबाईंनी मला नीट पाहिलं.

"आमची नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी या तपासणीच्या खोलीत दाराआड उभी आहे. ज्यांचा तोल जातो त्यांना गुंडू मला देतो, आणि ती माणसं माझ्यावर भार टाकून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून दाखवतात. तुमच्या घरातलं कुणी विसरू लागलं तर त्यांना इथं आणा. वार विचारतील, वजाबाकी विचारतील, त्याला भिऊ नका. आणि तुम्हाला आत बोलावून घरात काय घडलं असं विचारतील, तेव्हा लाजेनं गप्प बसू नका. काठीला विचारून उपयोग नसतो. ते तुम्हालाच सांगावं लागतं.