कवड्या आणि मण्यार

लाल ठिपका पडद्यावरच्या सापाच्या मानेपाशी थांबला, जरा थरथरला, मग पांढऱ्या पट्ट्यांवरून शेपटीकडे सरकत गेला... आणि भूमेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच ठिपका, तोच साप, तोच गोड गळा. विद्यापीठाची व्याख्यानमाला दर हिवाळ्यात कामठ्याच्या समाजमंदिरात यायची, आणि गेल्या वर्षीचं सापांवरचं भाषण लोकांना इतकं आवडलं होतं, की नागपूरच्या सरांना यंदा तेच पुन्हा द्यायला बोलावलं होतं. आवडलं म्हणे! ती मुद्दाम पहिल्या रांगेत, अगदी त्याच्या तोंडासमोर येऊन बसली होती. शेवटी प्रश्न विचारा म्हणतील, तेव्हा उठायचं आणि भरल्या सभेत सांगायचं — तुमचं ऐकून माझा नवरा मेला.

डावीकडे कवड्या, उजवीकडे मण्यार, असं सर सांगत होते. दिसायला दोघे भाऊ-भाऊ, पण कवड्या बिनविषारी आणि मण्यार जहाल. बहुतेक साप बिनविषारीच असतात, तेव्हा भीती टाका... टाकली ना डोमनलालनं! वाचनालय सांभाळणारा, ही व्याख्यानं गावात यावीत म्हणून पायाला भिंगरी लावून फिरणारा तिचा नवरा — पावसाळ्यात अंथरुणात काहीतरी चावलं म्हणून उठला, टॉर्च मारली, कोपऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा साप काठीवर उचलून परसात सोडून आला, आणि वर हसला. शेजारी जीप उभी होती, गोंदिया काही लांब नव्हतं, तिनं हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

"कवड्या होय तो. सरनं सांगतलं नाही का? कायले घाबरून राहिली?"

एवढं म्हणून तो झोपला. सकाळी त्याच्या पापण्या उघडेनात — तिनं बोटांनी उघडून पाहिल्या, आत डोळे होते, तिला बघतही होते, पण जीभ हलत नव्हती... जीप गोंदियाला पोचायच्या आधीच सगळं आटोपलं. आणि हा बाबा इथे ठिपका नाचवतोय, इस्त्रीच्या शर्टात! हिवाळा येईपर्यंत तिनं ते एकच वाक्य दाताखाली धरून ठेवलं होतं.

मागे कप वाजले. भाषण संपायच्या जरा आधीच चहा फिरवायचा, नाहीतर लोक तसेच उठून जातात आणि पाहुण्यासमोर गावाचं नाक कापलं जातं — ही रीत डोमनलालनंच पाडलेली. ट्रे घेऊन तोच फिरायचा, आणि ती तेवढ्यापुरती उठून बाहेर चुलीपाशी गेलेली असायची. यंदा ट्रे पुतण्याच्या, खुमेंद्रच्या हातात होता. खुर्च्या सरकल्या, इकडे दे, तिकडे दे सुरू झालं, आणि त्या गलक्यात सर काहीतरी म्हणाले, जे पहिल्या रांगेत होती म्हणूनच तिला ऐकू आलं.

"शेवटचं एक. पट्ट्यांवरून आम्हीसुद्धा फसतो. कुठलाही साप चावो, ओळखत बसू नका. आधी दवाखाना."

ती उठली. दाताखालचं वाक्य काही बाहेर येईना.

"हे... मागच्या वर्षी सांगितलं होतं का तुम्ही?"

"दरवर्षी सांगतो, ताई. शेवटी हेच सांगतो."

शेवटी! अरे, आधी सांगायला काय झालं होतं तुला? तिनं मागे वळून पाहिलं. सगळी तोंडं कपात, एकाचंही लक्ष नाही — आणि त्या खुर्च्यांमधून, बोलणाऱ्या माणसाकडे पाठ करून, घ्या हो, घ्या, गरम आहे तोवर घ्या, करत हिंडणारा गेल्या वर्षीचा डोमनलाल तिला लख्ख दिसला. एवढ्या महिन्यांत त्याच्यावर ती एकदाही चिडली नव्हती. मेलेल्या माणसावर कोण चिडतं... तूच आणलास ना रे त्याला, मग जरा बूड टेकून ऐकायचं होतंस की. चहा कुठे पळून चालला होता?

"विचारा ना," सर म्हणाले. ते तिच्या प्रश्नाची वाट पाहत उभे होते, मान जराशी झुकवून, आणि तिला भांडायचं होतं ते डोमनलालशी.