पान चारशे सातवरचा मेलेला माणूस

रविवारी सकाळी बाईंच्या नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "अगं, हा पहारेकरी मेला होता ना? मग दार कसं उघडतोय?"

"कुठला पहारेकरी?"

"किल्ल्याच्या मागच्या दाराचा. एकशे एकतीसवर बाण लागून गेला बिचारा. आणि इथे चारशे सातवर किल्ल्या खुळखुळवत हजर!"

बाईंनी त्याच्या हातातून कागद हिसकावले. दोन्ही पानं पाहिली, पुन्हा पाहिली. पुस्तक छापून झालं होतं. वीस हजार प्रती! सोळा-सोळा पानांचे छापील फर्मे बाइंडरकडे रचून ठेवलेले, त्यांचा एक संच बाईंकडे आलेला, उद्या सकाळी शिलाई सुरू, शुक्रवारी दुकानात. आणि त्यात एक मेलेला माणूस हिंडत होता.

बाई म्हणजे मुद्रितशोधक. बत्तीस वर्षं त्या एकाच लेखकाची प्रूफं तपासत होत्या. लेखकाला सगळे दादा म्हणत. आणि दादा म्हणजे काय असामी! विमा कचेरीतला कारकून. डबा खायच्या सुट्टीत पाठकोऱ्या कागदांवर पहिली रहस्यकादंबरी लिहिली. तीन प्रकाशकांनी ती साभार परत केली, चौथ्याने छापली, आणि मग ग्रंथालयात लोक दादांच्या पुस्तकासाठी नंबर लावायला लागले. थोड्याथोडक्या नाहीत, बावीस थरारक कादंबऱ्या. सगळं झकास चाललेलं असताना पन्नाशीत या गृहस्थाने जाहीर केलं, चोर-पोलीस पुरे, आता इतिहास. प्रकाशकाच्या तोंडचं पाणी पळालं. दादा मात्र दोन वर्षं जुन्या दफ्तरांच्या धुळीत शिंकत बसले. एका वाक्यासाठी लोहाराकडे जाऊन घोड्याला नाल ठोकायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहून आले. पहिल्या ऐतिहासिक कादंबरीने आधीच्या बावीसांना मागे टाकलं. आता ही नववी.

दादांच्या पुस्तकात चूक सापडत नाही, असा लौकिक होता. काही वाचक भिंग घेऊन बसत आणि हात हलवत परत जात. त्या लौकिकात आपलाही वाटा आहे, हे बाई कुणाला सांगत नसत. पण मनात पक्कं धरून होत्या. त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग ही चूक झाली कशी? तर बाई प्रूफं शेवटून वाचत. आधी शेवटचं प्रकरण, मग त्याच्या आधीचं, असं करत पहिल्यापर्यंत. कारण दादांच्या तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी त्या सरळ वाचत गेल्या, गोष्टीत अशा अडकल्या की शेवटच्या चाळीस पानांत एकही चूक पकडली नाही. खुनी दाराआड उभा असताना काना-मात्रा कोण बघतो हो! तेव्हापासून हा नेम. त्यामुळे चौतिसाव्या प्रकरणात पहारेकऱ्याने दार उघडलं तेव्हा बाईंच्या लेखी तो धडधाकट होता. नंतर नवव्यात मेला. माणसं मरतातच.

"कुणाच्या लक्षात येतंय?" नवरा हळूच म्हणाला. "बोलूच नकोस."

"तुमच्या आलं ना? मग झालं तर!" बाई कडाडल्या. त्यांनी फर्म्यांचं पुडकं बांधलं आणि चपला पायांत सरकवल्या. बत्तीस वर्षांचं काम आज संपणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

दादांच्या घराचं दार वहिनींनी उघडलं. बाईंचा चेहरा पाहून त्या काही न विचारता त्यांना आत घेऊन गेल्या. दादा टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होते. बाईंनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

दादांनी दोन्ही पानं वाचली. मग कपाळावर हात मारला. "अहो बाई, मीही शेवट आधी लिहितो! रहस्यकथांची खोड. खुनी ठरल्याशिवाय खून करता येत नाही ना. दार उघडलं गेल्या वर्षी, आणि त्याला मारला या वर्षी. मीच मारलेला माणूस मलाच आठवला नाही."

"तुम्ही विसरलात तर धरायला मी होते, दादा. माझं कामच ते. हे पुस्तक माझं शेवटचं."

"ते नंतर बघू," दादा म्हणाले आणि त्यांनी प्रकाशकाला फोन लावला. प्रकाशक आधी ओरडला, मग रडकुंडीला आला, मग व्यवहारावर आला. एक फर्मा नव्याने छापता येईल, उद्या सकाळपर्यंत मजकूर द्या, पण पानाची एक ओळ वाढता कामा नये. त्याचं म्हणणं, नवव्या प्रकरणातल्या दोन ओळी बदला. बाण खांद्याला लागू द्या. जगला पहारेकरी, मिटलं काम.

दादांनी फोन ठेवला. "सोपं तर आहे. तुम्ही सांगा बाई, जगवू का त्याला? तो मरतो ते पान कसं वाटलं तुम्हाला?"

बाईंची मान खाली गेली. खोटं बोलणं आता शक्यच नव्हतं. "दादा, मला ते कसं वाटायला हवं तेच ठाऊक नाही. तिसऱ्यानंतर तुमचं एकही पुस्तक मी सुरुवातीपासून वाचलेलं नाही."

लाखो वाचकांचा हा माणूस, आणि त्याची सगळ्यात जुनी वाचक वाचकच नव्हती! वहिनी दारातच थबकल्या. दादांना लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते उठले, खिडकीजवळची खुर्ची सरकवली आणि पुडक्यातला पहिला फर्मा बाईंच्या हातात दिला.

"पेन्सिल इकडे द्या आधी. आणि वाचा. पहिल्या पानापासून."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिली दहा पानं डोळे सवयीने अनुस्वार शोधत होते. मग कधी थांबले ते कळलं नाही. तो मागच्या दाराचा पहारेकरी प्रत्येकाला दोनदा नाव विचारायचा, म्हणून सगळा किल्ला त्याची टिंगल करायचा. घरी बायकोलाही दोनदा विचारायचा, ती वैतागायची. वाचताना बाई खुदकन हसल्या. दादा पाणी पिण्याच्या निमित्ताने आत डोकावले.

"कुठवर आलात?"

"गप्प बसा हो!" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जीभ चावली. दादा पाऊल न वाजवता परत गेले. वहिनींनी सांगितलं ते नंतर, की हा माणूस स्वयंपाकघरात परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा येरझाऱ्या घालत होता.

दोनच्या सुमारास बाई एकशे एकतिसाव्या पानावर आल्या. बाण लागलेला पहारेकरी दाराला पाठ लावून बसला होता, आणि अंधारातून धावत आलेल्या बायकोला त्याने सवयीने विचारलं, कोण आहे? तिने नाव सांगितलं. दुसऱ्यांदा विचारायला तो उरला नाही. बाईंनी कागद मांडीवर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मग त्यांनी हाक मारली, "दादा! याला जगवायचं नाही. खबरदार जगवलात तर!"

दादा धावतच आले. "मग दार कोण उघडणार?"

"त्याची बायको! आणखी कोण? नवऱ्याच्या किल्ल्या कुठल्या खुंटीला असतात ते बायकोलाच माहीत."

दादा टेबलाशी जाऊन बसले. बत्तीस वर्षांत बाईंनी त्यांचं लिहिलेलं तेवढं पाहिलं होतं, त्यांना लिहिताना पाहिलं नव्हतं. चारशे सातवर त्या प्रसंगाला सतरा ओळींची जागा होती. दादांनी कागदावर सतरा रेघा ओढल्या, ओठ हलवत एकेक वाक्य मोजून बसवलं, चारदा खोडलं, पाचव्यांदा थांबले. एकाहत्तर वर्षांचा माणूस, नाव झालेलं, आणि सतरा ओळींसाठी कपाळावर घाम! बाईंना वाटलं, आपण एवढी वर्षं कुणाच्या हाताखाली काम करत होतो ते आज कळतंय.

कागद हातात आला तेव्हा त्यांनी तो वाचला. मध्यरात्री विधवा किल्ल्या घेऊन मागच्या दाराशी येते. बाहेरून कुणी दार ठोठावतं. ती विचारते, कोण? उत्तर येतं. आणि ती पुन्हा विचारते, कोण?

बाईंनी तो कागद पुडक्यात, चारशे सातव्या पानाच्या जागी ठेवला.

"प्रूफं तुम्हीच बघायची," दादा म्हणाले. "शेवटूनच बघा, मला हरकत नाही. पण त्याआधी एकदा सरळ वाचायचं. आणि वाचून झालं की मला सांगायचं."

"ते पुढच्या पुस्तकाचं झालं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "चौथं आहे का घरात? त्याच्यापासून सुरू करते."

दादांनी कपाटातून चौथं पुस्तक काढलं. "बाई, हे जरा... तेव्हा मी नवा होतो हो. सांभाळून घ्या."