कोठारातलं कोर्ट

आमचं कोर्ट मुळात धान्याचं कोठार होतं. म्हणून त्याच्या खिडक्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहेत. धान्याला बाहेर बघायचं नसतं. पुढे तिथे न्यायाधीश बसले, वकील उभे राहिले, पण खिडक्या खाली आणायचं कुणाच्या मनात आलं नाही. तेव्हापासून इथे भर दुपारी दिवे लावून न्याय चाललाय.

इतिहासाची सुरुवात मी अशी केली, तर नाझरसाहेब म्हणाले, "बाई, हे जरा सौम्य करा."

पुढच्या महिन्यात कोर्ट नव्या इमारतीत जाणार, म्हणून निरोपाची पुस्तिका काढायची ठरली होती. वकिलांना वेळ नव्हता, कारकुनांना हौस नव्हती. मी बावीस वर्षं व्हरांड्यात टाइपरायटर घेऊन बसते, लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करते. माझी शाळा सातवीत सुटली. टायपिंग इथेच, शेजारच्या टंकलेखकाची बोटं बघून शिकले. "तुम्हाला इथलं सगळं ठाऊक असतं," नाझरसाहेब म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, ते विचारलं नाही. एवढंच विचारलं, "जुन्या फायली बघायला मिळतील ना?"

कारण मला एक फाइल हवी होती. माझी.

या हलवाहलवीत जुन्या निकाली फायलींचा लगदा होणार होता. नोटीस लागली होती: ज्यांनी मूळ कागद दाखल केले असतील, त्यांनी महिनाअखेरपर्यंत अर्ज करून ते परत न्यावेत. माझ्या घटस्फोटाच्या फायलीत सात पत्रं होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा लांब नोकरीला होता, तेव्हा मी त्याला लिहिलेली. कोर्टात ती दाखल केली त्याने. त्याच्या वकिलाला त्यातलं एक वाक्य फार आवडलं होतं: 'मला इथे करमत नाही.' बाई पहिल्यापासून नांदायला तयारच नव्हती, याचा पुरावा. त्याच्या अलीकडे मी 'तू नसलास की' असं लिहिलं होतं, तिथवर कुणाची नजर गेली नाही.

म्हणजे नियमाने पत्रं त्यालाच परत मिळणार. आणि तो कशाला येतोय?

तारखांना येता येता मी या व्हरांड्यातच राहिले. तेव्हापासून हजारो कागदांवर 'मी' म्हणून लिहिलं, पण तो 'मी' कधी जमीनवाला, कधी भाडेकरू, कधी कुणाची सून. माझ्या मनाचं म्हणून मी जे काही लिहिलं ते त्या सात पत्रांत. लगदा व्हायच्या आत ती एकदा वाचायची होती, जमलं तर उतरवून घ्यायची होती.

रेकॉर्डकीपरला सरळ मागता आली असती. पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत अख्ख्या कोर्टाला कळलं असतं की बाई अजून नवऱ्याची पत्रं शोधतात. तिथल्या फायली नावाने नाही, निकालाच्या महिन्याने लावतात. मी म्हटलं, इतिहास आहे, अगदी पहिल्यापासून बघते.

"बघा," तो म्हणाला. "धूळही जुनीच आहे, तीही लिहा."

अशी मी माझ्या वर्षाकडे एकेक गठ्ठा सोडत निघाले. एका भिंतीच्या सावलीवरून दोन शेजारी एकतीस वर्षं भांडले होते. दोघं वारले, मग मुलांनी तडजोड केली, कारण कोर्टापर्यंतची चाल त्यांना झेपेना. साक्षीदाराचा पिंजरा ज्या सुताराने केला तो बुटका होता, त्याने कठडा स्वतःच्या कमरेच्या मापाने बसवला. तेव्हापासून प्रत्येक उंच साक्षीदार वाकून उभा राहतो आणि खरं बोलत असला तरी ओशाळल्यासारखा दिसतो. माझा नवरा उंच होता.

बाहेर मात्र कागद परत मागणाऱ्यांची रांग लागली होती. एरवी मी माणसाला समोर बसवून, नाव, वय, धंदा विचारूनच टाइप करते. या वेळी म्हटलं, सगळ्यांचा मजकूर एकच आहे. नावाच्या जागी टिंबं ठेवून गठ्ठाभर अर्ज टाइप केले, शेजारच्या स्टॅम्पवाल्या काकांकडे दिले आणि आत गेले.

शुक्रवारी माझं वर्ष सापडलं. फाइल पातळ होती. तीन वर्षांच्या तारखांच्या मानाने फारच पातळ. पत्रांच्या जागी एक पावती होती, 'सात कागद परत दिले', तारीख मंगळवारची. मागे टाचणीने अर्ज लावलेला. टायपिंग माझंच, माझ्या मशीनचा 'र' थोडा खाली बसतो. टिंबांवर त्याचं नाव, त्याच्या हाताचं. धंदा: निवृत्त. आणि खाली मीच टाइप केलेलं वाक्य, 'सदर कागद माझ्या मालकीचे आहेत.' त्याखाली त्याची सही.

मंगळवारी मी आत बसून पिंजऱ्याची गोष्ट वाचत होते आणि एकटीच हसत होते.

"सापडलं का काही?" रेकॉर्डकीपरने विचारलं.

"सापडलं. तुम्ही फाइल नीट लावता."

बाहेर काका स्टॅम्प फाडत होते. मी विचारलं, "मंगळवारी एक उंच माणूस अर्ज घेऊन गेला?"

"तो होय? तुमच्या स्टुलावर बसला होता की. म्हटलं, अहो, ते बाईंचं आहे. म्हणाला, माहीत आहे."

"मग?"

"मग काय, कागद हातात पडल्यावर पुन्हा येऊन बसला. मी म्हटलं, बाई आत आहेत, निरोप देऊ का? नको म्हणाला. दोन चहा झाले आमचे. मग गेला."

"वाचत होता का?"

"छे. पिशवीत घातले आणि पिशवी मांडीवर धरून बसला. मीच बोललो सगळं. तुम्ही इतिहास लिहिताय म्हणून सांगितलं."

"त्यावर काय म्हणाला?"

"म्हणाला, ती चांगलं लिहिते."

काकांनी पुढच्या माणसाला स्टॅम्प दिला, मग माझ्याकडे वळले. "कोण होता हो?"

"पक्षकार," मी म्हटलं.

"जिंकलेला की हरलेला?"

निकालाचं पान मी नुकतंच वाचून आले होते. तरी मला सांगता आलं नाही.