चौकशीत अडकलेला झटका

साहेब, तुम्ही माझी चाकं सिमेंटात गाडलीत. भोवती लोखंडी कठडा ठोकलात आणि वर 'आमचा वारसा' अशी पाटी लावलीत. वारशाला कोंडतात का कुठे? कोंडतात ते चोराला. पण तुम्ही ऐकणार नाही, म्हणून मी मुलांशीच बोलतो.

मित्रांनो, मी एक जुना झटका आहे. हसू नका. तंजावुरात एका घोड्याच्या गाडीला झटकाच म्हणतात. माझी चाकं बाभळीची, छप्पर बांबूच्या तट्ट्याचं. बाकं नाहीत. खाली भाताचा पेंढा, त्यावर सतरंजी. मागून चढायचं आणि मांडी घालून बसायचं. कावेरीकाठच्या एका गावात सुताराने मला घडवलं आणि तुळजारामने मला राजवाड्याजवळच्या गल्लीत आणलं.

तुळजाराम तिथलाच, घरी मराठी बोलणारा. शहर पाहायला आलेली लेकुरवाळी माणसं तो आवडीने घ्यायचा. राजवाडा, मोठं देऊळ, बाजार, सगळं मी मुलांना दाखवलं. रस्त्यात ऑटोरिक्षा वाढल्या, नव्या मोटारी आल्या, तरी मुलं माझ्याकडेच धावायची.

एकदा सांगलीचं एक कुटुंब आलं. तुळजाराम म्हणाला, "या, झटक्यांत बसा!"

धाकटा मुलगा आईच्या मागे लपला. "आई, करंट लागेल!"

"भिऊं नका, लेकरां. अस्की जणें बसा, सगळीं या."

"बाबा, हे कसलं मराठी?" थोरली हरिता खुदकन हसली.

"आमचें जुनें, बाळा," तुळजाराम म्हणाला. "तुमचें काल-परवांचें."

वाटेत मुलांना तहान लागली. तुळजाराम पाणी आणायला खाली उतरला. आई-बाबाही उतरले होते; आई गजरा घेत होती, बाबा कॅमेऱ्यात रोल घालत होते. तेवढ्यात छपरांच्या वर मोठ्या देवळाचा कळस दिसला आणि दोन्ही मुलं टाळ्या पिटत ओरडली, "वा! वा! वा!"

आता बघा. मराठीत 'वा' म्हणजे शाबास. तमिळमध्ये 'वा' म्हणजे ये. आमचा घोडा मुत्तू तमिळ शिकलेला. तुळजाराम पुढे उभा राहून रोज 'वा' म्हणायचा, मग तो पाऊल उचलायचा. मुत्तूला वाटलं, बोलावणं आलं. निघाला!

धावला नाही, चालला. मुलं खिदळत होती. तुळजाराम तांब्या टाकून मागे पळाला, पण तोवर माझ्या दांडीने रस्त्यात उभ्या असलेल्या पांढऱ्या मोटारीवर लांबलचक ओरखडा काढला होता. मुलांना खरचटलंसुद्धा नाही. मोटार मात्र समोरच्या सरकारी कचेरीतल्या साहेबांची होती.

साहेब तमिळमध्ये गरजले, "घोडा हाकला कोणी?"

"कोणी नाही, अय्या. लेकरांनी देऊळ पाहून वाहवा केली. घोड्याला वाटलं, 'ये' म्हणतात."

"मग मुलांनीच हाकला. तसं सांग आणि गाडी घेऊन जा. बाहेरगावची माणसं, भरपाई त्यांच्याकडून घेऊ."

हरिताच्या बाबांचा चेहरा उतरला. त्यांना शब्द कळत नव्हते, आवाज कळत होता. तुळजारामने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"नाही, अय्या. वाहवा करणं गुन्हा नव्हे. घोडा माझा, गाडी माझी."

"मग चौकशी होईपर्यंत गाडी इथेच राहील."

मित्रांनो, मला कचेरीच्या आवारात उभं केलं ते कायमचंच. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले. छप्पर कुजलं, चाकं चिखलात रुतली. मुत्तू ओरत्तनाडूला तुळजारामच्या बहिणीच्या शेतावर गेला. तुळजाराम विचारायला यायचा. शिपाई म्हणायचा, "साहेब बदलले. नवे साहेब बघतील." साहेब बदलत राहिले. ओरखडा पडलेली मोटारही विकली गेली. चौकशी काही झाली नाही.

मग पर्यटक वाढले आणि कोणाला तरी माझी आठवण झाली. मला रंग फासला, फाटकापाशी आणून पुरलं. मूल जवळ आलं की पहारेकरी शिट्टी फुंकतो. जी मुलं माझ्या पेंढ्यावर लोळली, त्यांच्यासारख्यांनाच आता मला हात लावायची बंदी!

तुळजाराम अजूनही येतो. परवा तो कठड्याला धरून उभा होता, तर पहारेकरी म्हणाला, "पेरियवर, अहो आजोबा, बाजूला व्हा. फोटोत येताय."

आणि तो बाजूला झाला, मित्रांनो. माझा मालक.

जुन्या वस्तूला रंग दिला म्हणजे तिची काळजी घेतली, असं समजू नका. तिला तिचं काम करू द्या. तिच्या माणसाला तिच्यापासून तोडू नका.

आज सकाळी एका चिमुरडीने कठड्याच्या गजांत तोंड घालून वडिलांना विचारलं, "अप्पा, याने काय केलं होतं?"

अप्पांनी पाटी वाचली आणि पहारेकऱ्याकडे पाहिलं. पहारेकरी दुसरीकडे पाहू लागला.

साहेब, कचेरी तुमची, कुलूप तुमचं. ती पोर अजून फाटकात उभी आहे. बाहेर या आणि तिला सांगा, मी काय केलं होतं?